सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन मुलांच्या डोक्यात शिरतच नाही, हाच तो 'थ्रेशोल्ड कन्सेप्ट' का?

सरासरी_मॅडम:

सेकंड इयरच्या सायकॉलॉजीच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते. दरवर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते, सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन, म्हणजे पुन्हा पुन्हा सॅम्पल घेतलं तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरतील ते. आणि गंमत म्हणजे गणितं सगळ्यांना येतात. पॉप्युलेशनचा एसडी (माणसांच्या स्कोअरचा पसरटपणा) 12, सॅम्पल 36 जणांचं, स्टँडर्ड एरर (सरासरीचा पसरटपणा) काढा म्हटलं की शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा 36 चं वर्गमूळ 6, 12 भागिले 6, उत्तर 2, असं लिहून मोकळा होतो. मग विचारते, आता 36 ऐवजी 144 जणांचं सॅम्पल घेतलं तर त्या सॅम्पलमधल्या स्कोअरचा हिस्टोग्राम कसा दिसेल, तर अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणतो "अरुंद होईल मॅडम, एरर 1 झाली ना". झालं! म्हणजे सरासरीचा पसरटपणा आणि माणसांच्या स्कोअरचा पसरटपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुठे पोचलेलंच नाही, फक्त फॉर्म्युला पोचलाय.

यंदा एका मुलीने सरळ विचारलं, "सॅम्पल आपण एकदाच घेतलं, सरासरीही एकच आली, मग डिस्ट्रिब्युशन कशाचं?" प्रश्न इतका नेमका होता की ज्यांनी परीक्षेत बरोबर उत्तरं लिहिली होती त्यांच्यापेक्षा हीच पुढे आहे असं मला वाटलं.

डिपार्टमेंटमधल्या एकांनी सांगितलं की ह्याला थ्रेशोल्ड (म्हणजे उंबरठा) कन्सेप्ट म्हणतात, वाचा त्यावर. थोडं वाचलं, पण खरं सांगायचं तर निम्मं वाचून असं वाटलं की "अवघड टॉपिक" ह्याला नवं भारदस्त नाव दिलंय आणि त्यावर पेपर काढलेत. तसंच आहे का? आणि त्याहून महत्त्वाचं, हे नाव माहीत झाल्यावर उद्या वर्गात जाऊन मी वेगळं काय करायचं? ज्यांनी ह्यात काम केलंय किंवा शिकवलंय त्यांनी सांगा प्लीज, लिंका नकोत, अनुभव आणि मुद्दा हवाय.

मागचा_बाक:

नुसतं नाव नाहीये ते. एरिक मेयर आणि रे लँड ह्या दोघांनी 2003 मध्ये हे मांडलं, ब्रिटनमध्ये पदवीच्या अभ्यासक्रमांचं शिकवणं सुधारायचा एक मोठा प्रोजेक्ट चालू होता त्यातून. त्यांचं म्हणणं साधारण असं की प्रत्येक विषयात काही मोजक्या कल्पना अशा असतात की त्या कळल्यावर तो अख्खा विषयच वेगळा दिसायला लागतो, आणि कळल्या नाहीत तर माणूस वर्षानुवर्षं त्या विषयात बाहेरच्यासारखा वावरतो, पास होतो, डिग्री घेतो, पण बाहेरच. अशा कल्पनेची त्यांनी पाच लक्षणं सांगितली. ती माणसाचं बघणं बदलते, एकदा कळली की सहसा परत न-कळलेली होत नाही, विखुरलेल्या गोष्टी जोडते, बहुतेकदा तिला हद्द असते म्हणजे तिथे विषयाची सीमा दिसते, आणि पचायला त्रास देते.

आता "अवघड टॉपिक" आणि हे ह्यात फरक काय? डझनभर आकडे घेऊन हाताने मल्टिपल रिग्रेशन सोडवणं महाअवघड आहे, घाम निघतो, पण ते जमल्याने कुणाचं जग बदलत नाही. उलट तुमचा टॉपिक घ्या. तो कळायच्या आधी मुलाच्या लेखी सरासरी म्हणजे डेटातून निघालेला एक ठाम आकडा, विषय संपला. कळल्यानंतर तोच आकडा "जे येऊ शकलं असतं त्यातलं एक" होतो. आणि एकदा तो तसा दिसला की स्टँडर्ड एरर, कॉन्फिडन्स इंटरव्हल, पी व्हॅल्यू, टेस्टची पॉवर ही जी चार वेगळी चॅप्टर म्हणून पाठ केलेली असतात ती एकाच गोष्टीची चार तोंडं निघतात. जोडते म्हणतात ते हेच. त्या मुलीचा प्रश्न म्हणजे ती अगदी दारात उभी आहे, कारण तिला कळलंय की "न घेतलेल्या सॅम्पल्स" ह्या हिशोबात धरायच्या आहेत आणि ते तिला वेडेपणाचं वाटतंय. वाटायलाच पाहिजे, आहेच ते विचित्र.

ह्या थिअरीतला माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग पाच लक्षणांचा नाहीच. तो आहे मधल्या अवस्थेचा, लिमिनॅलिटी म्हणतात. शब्द मानववंशशास्त्रातून उचललाय, आर्नोल्ड व्हॅन गेनेपने 1909 मध्ये दीक्षाविधींवर लिहिताना मांडलेला आणि नंतर व्हिक्टर टर्नरने वाढवलेला, जुनं सुटलंय पण नवं अजून हाती नाही अशी स्थिती. विद्यार्थी तिथे बरेच दिवस राहतो, पुढे जातो, मागे येतो, सोमवारी कळलेलं गुरुवारी गेलेलं असतं. आणि तिथे राहणं त्रासाचं असतं म्हणून तो एक सोपा मार्ग काढतो, नक्कल. कळलेल्या माणसाची भाषा बोलायची, त्याच्या स्टेप्स लिहायच्या. मेयर-लँड ह्याला मिमिक्री म्हणतात. तुमचं 12 भागिले 6 ते हेच. ह्यात लबाडी असतेच असं नाही हं, पुष्कळदा मुलाला स्वतःलाच वाटत असतं की आपल्याला आलंय.

फिजिक्समधलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. हार्वर्डला एरिक माझूरने 1990 च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना न्यूटनच्या नियमांवरची एक साधी, आकडेमोड नसलेली चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की ह्याची उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मी एरवी जसा विचार करते त्याप्रमाणे लिहू. किती प्रामाणिक! म्हणजे दोन वेगळी खाती उघडलेली, एक परीक्षेचं, एक खरं. तुमच्या वर्गातही तेच चाललंय, फक्त तिथे कुणी विचारत नाही इतकंच.

अर्थाअर्थी:

मी इकॉनॉमिक्स शिकवतो, त्यामुळे ह्या थिअरीचं सगळ्यात लाडकं उदाहरण आमच्याच घरचं, ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे एक पर्याय निवडला म्हणून दुसऱ्यातला जो फायदा सोडला तो. म्हणून थोडा खडा टाकतो.

2005 मध्ये फेरारो आणि टेलर ह्या दोघांचा एक पेपर आला होता. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात त्यांनी 199 जणांना एक प्रश्न विचारला. तुम्हाला एका गायकाच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट मिळालंय, ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसऱ्या गायकाचा कार्यक्रम आहे, पहिला नसता तर तुम्ही तिकडेच गेला असतात. त्याचं तिकीट 40 डॉलर, आणि एरवी तुम्ही त्यासाठी 50 डॉलरपर्यंत द्यायला तयार असता. बाकी कुठलाच खर्च नाही. तर पहिल्या कार्यक्रमाला जाण्याची ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट किती? पर्याय चार, 0, 10, 40, 50. बरोबर उत्तर 10, ते किती जणांनी दिलं? 21.6 टक्के. डोळे मिटून टिक केलं असतं तरी 25 टक्के आले असते. आणि ही सगळी प्रोफेशनल मंडळी, त्यातले बरेच हेच शिकवणारे.

आता सांगा, हा जर उंबरठा असेल आणि ओलांडल्यावर परत येता येत नसेल तर ही सगळी मंडळी नेमकी कुठे उभी आहेत? की उंबरठा न ओलांडताच डॉक्टरेट मिळते? दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी थिअरीची पंचाईत.

दुसरं. डॅरेल रोबॉटम ह्या तत्त्वज्ञानाच्या माणसाने 2007 मध्ये ह्यावर चांगली झोड उठवलीय. मूळ व्याख्येत जिथेतिथे "शक्यतो", "बहुधा", "बऱ्याचदा" आहे, मग कुठल्या कल्पनेला थ्रेशोल्ड म्हणायचं नाही हे ठरवणार कसं? आणि जी गोष्ट एका विद्यार्थ्याचं जग बदलते ती दुसऱ्याला सहज कळून जाते, मग तो गुण कल्पनेचा की त्या माणसाचा? ह्याचं समाधानकारक उत्तर मला तरी कुठे मिळालेलं नाही. ज्याला त्याला आपला आवडता टॉपिक थ्रेशोल्ड वाटतो, असल्या याद्यांचं पीक आलंय नुसतं.

गप्प_वाचक:

एक मिनिट, उत्तर 10 कसं? मी 50 म्हटलं असतं. लाज नाही वाटत सांगायला, 199 पैकी बरेच माझ्या बाजूला दिसतायत.

अर्थाअर्थी:

@गप्प_वाचक, दुसऱ्या कार्यक्रमाची किंमत तुमच्या लेखी 50 ची, पण तो पाहायला खिशातून 40 गेले असते, म्हणजे निव्वळ फायदा 10 चा. पहिल्याला गेलात म्हणून जे सोडलंत ते तेवढंच. तुमचे 40 तर खिशातच राहिले ना.

पण पूर्ण गोष्ट सांगायची तर 2012 मध्ये पॉटर आणि सँडर्स ह्यांनी म्हटलं की व्याख्या कशी वाचता त्यावर चारही उत्तरांचं समर्थन करता येतं, म्हणजे दोष अर्थशास्त्रज्ञांचा कमी आणि कल्पनेच्या ढिल्या व्याख्येचा जास्त. मला व्यक्तिशः हे थोडं सारवासारव वाटतं, पण मुद्दा आहे.

मागचा_बाक:

@अर्थाअर्थी, रोबॉटमचा आक्षेप मला मान्य आहे, व्याख्या सैल आहे. पण तुमचं सर्व्हेचं उदाहरण मी उलट वाचतो. शब्द येणं, व्याख्या येणं आणि समोर आलेल्या प्रसंगात ती कल्पना आपोआप वापरली जाणं ह्या वेगळ्या पायऱ्या आहेत. डेव्हिड पर्किन्सने 1999 मध्ये त्रासदायक ज्ञानाचे जे प्रकार सांगितले त्यात दोन अगदी इथे लागू पडतात. एक कर्मकांडी, म्हणजे विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं. दुसरं निपचित, म्हणजे डोक्यात आहे पण गरज पडते तेव्हा उठत नाही. मेयर-लँडनी हे त्याच्याकडूनच घेतलंय. तुमच्या 199 जणांकडे ती कल्पना निपचित पडून असेल, आणि आपल्या परीक्षा बहुतेक कर्मकांडच तपासतात, त्यामुळे कळत कुणालाच नाही.

याद्यांचं म्हणाल तर शंभर टक्के सहमत. यादी करून काही होत नाही. एका टॉपिकसमोर मुलं नेमकी कुठे अडकतात आणि तिथे उभी असताना काय बोलतात हे ऐकायची सवय लागली तर थिअरीचे पैसे वसूल, नाहीतर सोडून द्या.

प्रबंध_चालू_आहे:

माझा पीएचडीचा विषय जवळचा आहे म्हणून लिहिते, जरा लांबेल.

इथे दोन वेगळ्या परंपरा आहेत आणि लोक त्या सर्रास एकत्र करतात. थ्रेशोल्ड कन्सेप्ट विषयाकडून निघतात, म्हणजे सुरुवात "ह्या विषयात काय कळायला हवं" इथून. ट्रान्सफॉर्मेटिव्ह लर्निंग माणसाकडून निघतं. जॅक मेझिरो नावाचे प्रौढशिक्षणातले अभ्यासक, त्यांनी 1978 मध्ये ते मांडलं, अमेरिकेत बऱ्याच वर्षांनी परत कॉलेजात आलेल्या बायकांचा अभ्यास करून. त्या बायका नुसता सिलॅबस शिकत नव्हत्या, शिकताशिकता "बाईने असं वागायचं असतं" हे जे आजवर गृहीत धरलेलं होतं तेच त्यांना दिसायला लागलं. मेझिरोच्या मांडणीत सुरुवात एका धक्क्याने होते, जुन्या चौकटीत न बसणारा प्रसंग, मग स्वतःची गृहीतकं तपासणं, इतरांशी बोलणं, नवी भूमिका करून बघणं, असे दहा टप्पे. माहिती वाढणं वेगळं आणि ज्या भांड्यात माहिती साठवतो ते भांडंच बदलणं वेगळं, हा फरक.

दोन्ही जिथे भेटतात ती जागा मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल वर कुणी बोललं नाही. ते म्हणजे, कळणं ह्यात काहीतरी गमावणंही असतं. सरासरी_मॅडम, तुमची मुलं सायकॉलॉजीला का आली असतील? बहुतेक जणांना माणसांमध्ये रस आहे, एकेका माणसाच्या गोष्टीत. आणि तुमचा टॉपिक त्यांना काय सांगतो, तर तुझ्यासमोरचा हा माणूस, हा गट, हा अभ्यास, हे सगळं योगायोगाने हाती आलेलं एक सॅम्पल आहे, दुसरं आलं असतं तर आकडा वेगळा असता. हे पटलं की ओळखीच्या एका माणसाच्या अनुभवावरून ठाम बोलायची सोय जाते. वर्तमानपत्रातलं "संशोधकांनी सिद्ध केलं" वाचताना जो निवांतपणा असायचा तो जातो. मुलं अडतात ती नुसती डोकं चालत नाही म्हणून नाही, कधीकधी आत कुठेतरी नको असतं ते. विल्यम पेरीने हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन 1970 मध्ये जे लिहिलं त्यात हेच आहे, बरोबर-चूक असं स्वच्छ जग घेऊन आलेली मुलं हळूहळू "अवलंबून आहे" ह्या जगात जातात आणि वाटेत काही जण चक्क थांबतात किंवा मागे फिरतात.

म्हणून मला एक अडचणीचा प्रश्न पडतो. बदल घडवणारं शिक्षण म्हणून आपण जे एवढं मिरवतो, त्याला विद्यार्थ्याची संमती कधी घेतली? त्याने फी भरली ती डिग्रीसाठी. मेझिरोवर हा आक्षेप जुना आहे. स्टॅटिस्टिक्समध्ये तो फारसा टोचत नाही, पण समाजशास्त्र, कायदा, साहित्य इथे शिक्षकाला जे "उंबरठा ओलांडणं" वाटतं ते विद्यार्थ्याला आपल्या माणसांपासून तुटणं वाटू शकतं. उत्तर माझ्याकडेही तयार नाही, गाईडकडेही नाही, आणि प्रबंध मात्र जमा करायचाय :)

पॉइंटरवाला:

सगळं वाचलं, भारी चाललंय, पण मॅडमनी विचारलेलं "उद्या वर्गात काय करू" तसंच राहिलंय.

मी प्रोग्रामिंग शिकवतो. आमच्याकडे हे रोजचं. पायथॉनमध्ये एक लिस्ट बनवा, तिला अ नाव द्या, मग ब बरोबर अ लिहा, आता ब मध्ये एक आकडा जोडा आणि अ प्रिंट करा. जवळपास सगळे म्हणतात अ तशीच राहील. चालवलं की अ मध्येही तो आकडा दिसतो आणि वर्गात गोंधळ. कारण त्यांच्या डोक्यात नाव म्हणजे डबा आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे कॉपी. नाव हे फक्त तिकडे दाखवणारं बोट आहे हे कळलं की अर्धे बग स्वतःच सापडतात. पण मी काय करतो ते महत्त्वाचं. आधी समजावून सांगत नाही. आधी उत्तर लिहून घेतो, कागदावर, पेनने, मग चालवतो. लेखी अंदाज चुकला की माणूस जागा होतो, नुसतं ऐकलं की मान डोलावतो.

तुमच्यासाठी, आणि हे माझ्या डोक्यातलं नाही, स्टॅटिस्टिक्स शिकवण्यावरच्या संशोधनातही आलंय. डेलमास, गारफिल्ड आणि चान्स ह्यांनी 1999 च्या पेपरमध्ये नेमका हाच टॉपिक घेतलेला, सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन आणि कॉम्प्युटर सिम्युलेशन. नुसतं सिम्युलेशन दाखवून भागलं नाही, मुलं बटणं दाबत राहिली तरी चुकीच्या समजुती बऱ्याच जणांच्या तशाच. जेव्हा आधी "कुठला ग्राफ येईल" ते निवडायला लावलं आणि मग पडताळायला लावलं तेव्हा फरक पडला. म्हणजे तुमचा 36 विरुद्ध 144 वाला प्रश्न हीच तुमची सुरुवात. तो शेवटी तपासायला विचारू नका, पहिल्या दिवशी विचारा.

आणि सिम्युलेशनच्या आधी एकदा हाताने करा. प्रत्येकाने चिठ्ठ्यांच्या खोक्यातून आपलं आपलं सॅम्पल काढायचं, स्वतःच्या सॅम्पलचा छोटा हिस्टोग्राम वहीत, आणि सरासरीचा फक्त एक ठिपका फळ्यावर. वहीतलं चित्र आणि फळ्यावरचं चित्र ही दोन वेगळी चित्रं आहेत हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. "डिस्ट्रिब्युशन कशाचं" ह्याचं उत्तर फळ्यावर आपोआप तयार होतं, वर्गात जेवढी मुलं तेवढी "होऊ शकली असती अशी" सॅम्पल्स.

सरासरी_मॅडम:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. फळ्यावरच्या ठिपक्यांचं नक्की करणार. प्रबंध_चालू_आहे, तुमचं गमावण्याचं वाचून दोन-तीन विद्यार्थी डोळ्यांसमोर आले, हुशार आहेत पण ह्या टॉपिकला चक्क चिडतात, मी ते आळसाच्या खात्यात टाकत होते.

पण प्रॅक्टिकल अडचण. हे सगळं करायला दोन नाही, चार तासिका जातील. सिलॅबसमध्ये त्याच्या पुढे टी-टेस्ट, अनोव्हा, काय-स्क्वेअर ह्या टेस्ट रांगेत उभ्या आहेत. आणि दुसरं, जो मधल्या अवस्थेत चाचपडतोय त्याला परीक्षेत कमी मार्क पडतात आणि जो नक्कल करतो त्याला पूर्ण, त्याचं काय करायचं?

मागचा_बाक:

पहिल्याला उत्तर थिअरीतच आहे. ग्लिनिस कझिन ह्यांनी 2006 मध्ये लिहिलंय त्याचा रोख असाच की ठासून भरलेला अभ्यासक्रम उतरवा, थोड्या ठिकाणी जास्त वेळ थांबा. आणि तुमच्या बाबतीत हिशोबही जुळतो. टी-टेस्ट आणि अनोव्हा मुलं वेगवेगळे फॉर्म्युले म्हणून शिकतात तेव्हा वेळ खातात. पाया पक्का असेल तर टी-टेस्ट म्हणजे "हा ठिपका फळ्यावरच्या ठिपक्यांत कुठे पडला असता" एवढंच, अर्ध्या तासात उरकतं. अनोव्हाला जास्त लागेल, ते मान्य. हाताने करायची आकडेमोड मात्र बिनधास्त कापा, ती सॉफ्टवेअर करतं.

अर्थाअर्थी:

मार्कांचं मी सांगतो, थिअरीवर विश्वास नसला तरी परीक्षा काढायचा अनुभव आहे. नक्कल करता येणार नाही असा प्रश्न म्हणजे ज्याची पद्धत आधी दाखवलेली नाही असा प्रश्न. उदाहरणार्थ असं द्या: "एका विद्यार्थ्याने 100 जणांचं सॅम्पल घेतलं, स्कोअरचा हिस्टोग्राम एका बाजूला झुकलेला आला. तो म्हणतो सॅम्पल 1000 चं केलं की हिस्टोग्राम नॉर्मल (घंटेच्या आकाराचा) होईल, कारण सेंट्रल लिमिट थिअरम. त्याला चार ओळींत उत्तर लिहा." आकडेमोड शून्य. ज्याने नुसतं पाठ केलंय तो थिअरम लिहून येईल आणि त्या विद्यार्थ्याला शाबासकी देईल. ज्याला कळलंय तो लिहील की थिअरम सरासरीबद्दल बोलतो (मोठ्या सॅम्पल्सच्या सरासऱ्या साधारण नॉर्मल पसरतात), माणसांच्या स्कोअरबद्दल नाही, पॉप्युलेशन झुकलेलं असेल तर 1000 चा हिस्टोग्राम आणखी स्वच्छ झुकलेला दिसेल.

फक्त पहिल्या वर्षी हा प्रश्न फायनलला टाकू नका, वर्गाचा निकाल झोपेल आणि तक्रार तुमच्यावर येईल. इंटर्नलला टाका, मार्क न देता, नुसती उत्तरं गोळा करून वाचा. आणि पुढच्या वर्षी प्रश्न बदला, कारण सीनियर्सच्या नोट्समध्ये ह्याचं उत्तर महिन्याभरात पोचलेलं असेल आणि मग हाही पाठ करायचा प्रश्न.

पॉइंटरवाला:

+1. आणि ती चिडणारी दोन-तीन मुलं आहेत ना, त्यांची उत्तरं आधी वाचा.